वूफर फाटला म्हणजे स्पीकर गेला नाही: या चुका टाळा

माझ्या पहिल्या जुन्या स्पीकर-जोडीचे वूफर, म्हणजे खर्जाचा आवाज काढणारे मोठे कोन, मी पदरचे पैसे देऊन बिघडवून घेतले. झालं होतं एवढंच, की कोनाभोवतीचा फोम झडला होता. मी ते पिशवीत घालून एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने बोटाने कोन दाबला, "कॉइल गेली, साहेब" म्हणाला, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, आणि आठ दिवसांनी नवा कोन, नवी कॉइल घालून परत दिले. दिसायला झकास. लावले तर डग्ग्याची घुमार गायब, नुसता टपटप आवाज. जुने कोन मागितले, तर ते केव्हाच कचऱ्यात गेले होते.

डब्याचं माप त्या मूळ कोनाचं वजन आणि लवचिकपणा बघून काढलेलं असतं. जड, ताठ कोन बसवला की तो हिशेबच मोडतो. म्हणून कोणी "कॉइल गेली" म्हटलं की आधी मल्टिमीटर लावून तिचा रोध मोजा. ८ ओहमचा वूफर साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. आकडा आला म्हणजे कॉइल तुटलेली नाही. मग पाची बोटं कोनावर सारखी पसरून हलकेच आत दाबा. खरखर आली तरी लगेच निकाल देऊ नका. फोम एका बाजूने सुटला की कोन कलतो आणि कॉइल घासते. नवा फोम नीट मधोमध बसला की बहुतेकदा घासणं थांबतं. पडून चुंबकच सरकला असेल तर मात्र अवघड आहे.

फोम का झडतो? तो पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने हळूहळू त्याचा भुगा होतो. वाजवा किंवा कपाटावर झाकून ठेवा, मुंबईच्या हवेत त्याची सुटका नाही. "वापरलेलाच नाही, एकदम नवा" हे विकणाऱ्याचं वाक्य त्यामुळे फोमच्या बाबतीत काहीच सांगत नाही. फोमऐवजी कोनाभोवती रबराची किंवा कापडाची किनार असेल तर ती खूप जास्त टिकते. १९७० साली आलेल्या जेबीएल एल-१०० या स्पीकरच्या पुढच्या फोमच्या जाळीचा चुरा झालेला बघून लोक घाबरतात, पण त्या स्पीकरच्या वूफरची किनार फोमची नाहीच. आतला माल बहुधा शाबूत असतो. कापडी किनारीवर चिकट थर दिसला तर तो मुद्दाम दिलेला असतो. पुसू नका आणि वरून फेविकॉलही फासू नका.

फोम बसवताना

सर्वात जास्त जोड्या इथे वाया जातात. "आठ इंची फोम द्या" म्हणून चालत नाही. कोनाची बाहेरची कड, फ्रेमचा आतला आणि बाहेरचा व्यास, अशी तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये घ्या. एकाच इंचाच्या दोन वूफरची मापं जुळतीलच असं नाही.

दुसरी चूक डिंकाची. फेविक्विक क्षणात कडक होतं, मग कोन मधोमध आणायला वेळच उरत नाही. कॉन्टॅक्ट सिमेंटचंही तेच, चिकटलं की चिकटलं. सावकाश वाळणारा, वाळल्यावर लवचिक राहणारा, पाण्यातला पांढरा डिंक लागतो. जुना डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने थोडा थोडा भिजवून काढा. कागदी कोन चिंब केलात तर तोही सोलून येईल. मधली टोपी ब्लेडने अलगद सोडवून कॉइल आणि लोखंडाच्या मधल्या फटीत चार बाजूंनी जुन्या फोटो निगेटिव्हच्या पट्ट्या सरकवल्या की कॉइल जागेवर राहते. मग किनार चिकटवा. जुलैत डिंक वाळायला दुप्पट वेळ लागतो. घाईने वाजवू नका.

दोनपैकी एकाच वूफरचा फोम गेला असेल तरी दोन्हींचा बदला. दुसराही आज ना उद्या झडणारच, आणि तोवर दोन्ही बाजूंचा बास वेगळा ऐकू येईल.

ट्वीटर मुका झाला तर

ट्वीटर, म्हणजे बारीक, उंच आवाज काढणारा छोटा भाग, बदलण्याआधी डब्यामागची त्याचा आवाज कमी-जास्त करणारी कळ दहा-बारा वेळा फिरवा. एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या जुन्या स्पीकरांत ती आतून गंजते आणि ट्वीटर मेल्यासारखा वाटतो. त्यानंतर क्रॉसओव्हरमधले, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमधले, कंडेन्सर. ते नॉन-पोलर (अधिक-उणे बाजू नसलेले) असतात आणि वर्षांनुवर्षांनी आतून सुकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काउंटरवर नुसतं "४.७ मायक्रोफॅरड" म्हणालात तर अधिक-उणे खूण असलेला साधा कंडेन्सर हातात येईल. तो इथे चालत नाही. नॉन-पोलर मिळालाच नाही, तर १० मायक्रोफॅरडचे दोन साधे एकमेकांना उलटे जोडून ५ चा होतो. हौसेने महाग फिल्म कंडेन्सर टाकलात आणि ट्वीटर टोचू लागला, तर दोष कानाचा नाही. जुन्या कंडेन्सरचा थोडा अंतर्गत रोध नव्यात नसतो. बारीकसा रेझिस्टर ओळीत जोडून बघा.

जोडणी करताना एका स्पीकरच्या तारा उलट झाल्या की दोन्ही स्पीकर एकमेकांचा बास खातात. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर वूफरला टेकवा: धन बाजू लाल टोकाला, कोन बाहेर यायला हवा. जुन्या जेबीएलमध्ये तो आत जातो, ती कंपनीची रीत आहे, बिघाड नव्हे. ट्वीटरला हा प्रयोग कधीही करू नका.

घेताना

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर स्पीकर वाजवून बघायची सोय असेलच असं नाही. खिशात मल्टिमीटर आणि टॉर्च ठेवा. दोन्ही वूफरच्या मागे छापलेले आकडे जुळतात का, बघा. बाहेरून जुळे आणि आत भलतेच, हा प्रकार मी दोनदा पाहिलाय. डब्याचा तळ नखाने दाबा. पावसाचं पाणी प्यायलेला चिपबोर्ड फुगतो आणि भुसभुशीत होतो, त्याला औषध नाही. बंद डबा असेल आणि किनार धड असेल तर कोन दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर डबा हवाबंद आहे, झटकन उसळला तर कुठेतरी गळती आहे.

आकाराचा मोह आवरा. दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीला टेकवलेले बारा इंची वूफर नुसते घुमतात, आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात ते वेगळंच. बीबीसीच्या अभियंत्यांनी अरुंद प्रक्षेपण-गाड्यांसाठी काढलेला छोटा एलएस३/५ए स्पीकर अशा खोलीत जास्त शोभतो. पण त्याची संवेदनशीलता ८२-८३ डेसिबलच्या आसपास, आवाज मुळात हळू. म्हणून दुबळा ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळू नका. आवाज फाटायला लागला की सगळ्यात आधी ट्वीटर जळतो. एलएस३/५ए चा मीटरवरचा आकडा मोठा दिसला तर दचकू नका, जुना नमुना १५ ओहमचा आहे आणि नंतरचा ११ चा.

दुरुस्तीला द्यायचेच असतील तर पावतीवर "जुने सुटे भाग परत" असं लिहून घ्या. माझे ते कोन आज असते, तर नवा फोम लावून अजून वाजले असते.