विज्ञान महाविद्यालयात विभागप्रमुख होताना: नव्यांसाठी काही अनुभव

विद्यापीठाच्या एका विज्ञान महाविद्यालयात मी सात वर्षे रसायनशास्त्र विभागाची प्रमुख होते आणि त्यानंतर चार वर्षे विज्ञान शाखेतील सर्व विभागांच्या समन्वयाचे काम माझ्याकडे होते. अध्यापनाचा दीर्घ अनुभव असला की विभागही चालवता येतो, असे पद स्वीकारताना मी गृहीत धरले होते; पहिल्याच सत्रात ते गृहीतक टिकले नाही. जे प्रथमच ही जबाबदारी घेत आहेत, त्यांना माझ्या चुका टाळता याव्यात म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी आमचे सर्वांत जुने प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच द्वितीय वर्षाच्या आयोडीन अनुमापनाच्या (टायट्रेशनच्या) प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांची वाचने जुळेनाशी झाली. शिक्षकांनी निष्काळजीपणाबद्दल गुण कापले. मीही आधी विद्यार्थ्यांनाच दोष दिला. शोध घेतल्यावर कळले की ते सहायक सोडियम थायोसल्फेटचे द्रावण उकळून थंड केलेल्या पाण्यात करीत आणि त्यात चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालीत. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि सूक्ष्मजीव यांच्यामुळे हे द्रावण हळूहळू विघटित होते व त्याची संहती (तीव्रता) बदलते, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या प्रयोगपत्रिकेत मात्र यातले एक अक्षरही नव्हते, आणि नव्या सहायकाने पत्रिकेप्रमाणेच काम केले होते. कापलेले गुण आम्ही परत दिले, विद्यार्थ्यांना कारण समजावून सांगितले. परंतु विभागाचे ज्ञान एका माणसाच्या हातात राहू देणे ही प्रमुख म्हणून माझी चूक होती.

त्या सत्रापासून मी प्रत्येक प्रात्यक्षिकासाठी पूर्वतयारीची वेगळी पत्रिका लिहून घेतली. कोणते द्रावण किती दिवस आधी करायचे, ते किती दिवस टिकते, कोणत्या उपकरणाचा दिवा किती वेळ आधी सुरू ठेवावा लागतो, कोणता तराजू कुठे हलवायचा नाही, हे सारे सहायकांनी सांगायचे आणि शिक्षकांनी लिहायचे, अशी पद्धत ठेवली. या कामाला दोन वर्षे लागली. सहायकांना प्रारंभी वाटले की आपल्याला कोणी तपासत आहे. पत्रिकेवर लिहिणाऱ्याबरोबर त्यांचेही नाव येऊ लागले तेव्हा तो संशय निवळला. त्यांच्या ज्ञानाला लेखी मान मिळायला हवा होता आणि तो आम्ही उशिरा दिला.

वेळापत्रकाचा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो, पण विज्ञान विभागाची खरी कोंडी तिथेच असते. समजा, प्रथम वर्षाला १२० विद्यार्थी आहेत आणि प्रात्यक्षिकाची तुकडी २० जणांची आहे. आठवड्यातील ४ तासांची व्याख्याने सर्वांना एकत्र देता येतात. ३ तासांचे प्रात्यक्षिक मात्र ६ तुकड्यांना स्वतंत्रपणे द्यावे लागते, म्हणजे तेवढ्यासाठीच १८ तास लागतात. द्वितीय वर्षाच्या ६० विद्यार्थ्यांच्या ३ तुकड्या आणि तृतीय वर्षाच्या ४० जणांच्या २ तुकड्या धरल्या, तर एकूण ११ तुकड्या होतात. पाच दिवस, दिवसाला दोन याप्रमाणे एका प्रयोगशाळेत आठवड्याला १०च सत्रे बसतात. अकरावी तुकडी मग कुठेतरी कोंबली जाते किंवा तुकडीचा आकार वाढवला जातो, आणि काचसामान धुण्यासाठी व द्रावणे करण्यासाठी लागणारा वेळ कोणाच्याही हिशेबात उरत नाही. विद्यार्थ्याने स्वतः हाताने प्रयोग करून शिकावे, ही पद्धत युस्टुस फॉन लीबिग यांनी १८२४ पासून जर्मनीतील गीसेन येथे रुजवली. तिची किंमत जागेत आणि तासांत मोजावी लागते, हे प्रवेशसंख्या वाढवण्याचा प्रस्ताव आला की प्रमुखाने आकड्यांसह मांडलेच पाहिजे. 'जागा अपुरी आहे' या वाक्याने काही होत नाही. वरच्यासारखे गणित कागदावर ठेवले की चर्चा पुढे सरकते.

सुरक्षिततेबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण येथे झालेली चूक दुरुस्त करता येईलच असे नाही. प्रमुख झाल्यावर पहिल्या आठवड्यात रसायनांचे प्रत्येक कपाट स्वतः उघडून पाहावे. आमच्याकडे 'आम्ले' अशी चिठ्ठी लावलेल्या एकाच कपाटात नायट्रिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल शेजारी होते. नावे एका वर्गाची असली तरी पहिले तीव्र ऑक्सिडीकारक, म्हणजे इतर पदार्थांच्या ज्वलनाला जोर देणारे आहे आणि शुद्ध ॲसिटिक आम्लाची वाफ सुमारे ४० अंश सेल्सियसला पेट घेऊ शकते. बाटल्या फुटून दोन्ही मिसळली तर काय होईल, हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होते आणि तरीही वर्षानुवर्षे कोणी त्या हलवल्या नव्हत्या. ईथरच्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख नव्हती. हवा आणि प्रकाश यांच्या संपर्कात ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात, म्हणून ती तारीख नसलेली बाटली संशयास्पदच समजावी आणि झाकण न उघडता सुरक्षा अधिकाऱ्याला कळवावे.

२०१० च्या जानेवारीत अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात निकेल हायड्राझिन परक्लोरेट या संयुगाचा स्फोट झाला आणि एका संशोधक विद्यार्थ्याने तीन बोटे गमावली. असे पदार्थ १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक करायचे नाहीत, अशी तोंडी मर्यादा होती. प्रत्यक्षात सुमारे १० ग्रॅम तयार झाले होते. रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात नोंदवले आहे की त्याआधी घडलेल्या लहान घटनांची पद्धतशीर नोंद आणि चर्चा झालेली नव्हती. तो अहवाल वाचल्यावर आम्ही किरकोळ अपघातांची नोंदवही सुरू केली आणि नोंद करणाऱ्याला कधीही शिक्षा होणार नाही, असे मी सर्वांसमोर सांगितले. पहिल्या महिन्यात नोंदी वाढल्या. अपघात वाढले म्हणून नव्हे, तर पूर्वी लपवले जात होते म्हणून. हे वरिष्ठांना समजावून सांगण्याची तयारी प्रमुखाने ठेवावी.

शाखेचे समन्वयन करताना लक्षात आले की एका विभागाचे नियम दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्राचे शीतकपाट आणि उष्मायक (जिवाणू ठरावीक तापमानाला वाढवण्याची पेटी) सुट्टीतही चालू राहावे लागतात, त्यामुळे सुट्टीच्या काळात वीज गेल्यास कोणाला कळवायचे, हे त्यांना ठरवून द्यावे लागते. वनस्पतिशास्त्राचे प्रात्यक्षिक फुलोऱ्याच्या हंगामावर अवलंबून असते आणि हंगाम सत्राच्या तारखा पाळत नाही. भौतिकशास्त्रात उपकरणांचे अंशशोधन (मापे अचूक आहेत का ते पडताळणे) आणि किरणोत्सारी स्रोतांचा हिशेब महत्त्वाचा. गणित विभागाला प्रयोगशाळा नसते म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात भौतिकशास्त्राने अभ्यासक्रमातून गणिताची एक अभ्यासपत्रिका वगळली की गणिताच्या शिक्षकांचा कार्यभार कमी होतो, आणि हा निर्णय त्यांना न विचारता घेतलेला असतो. अशा प्रत्येक बदलापूर्वी दोन्ही प्रमुखांना एका टेबलाशी बसवणे, हे समन्वयकाचे मुख्य काम आहे असे माझे मत झाले.

कार्यभाराच्या वाटणीत अन्याय सहसा हळूच शिरतो. ज्येष्ठांकडे व्याख्याने आणि नव्यांकडे प्रात्यक्षिके व तपासणी, अशी प्रथा पडली की नव्या शिक्षकाला संशोधनासाठी सलग वेळ मिळतच नाही. मी दरवर्षी सर्वांचा कार्यभार, जर्नल तपासणी आणि परीक्षेच्या कामांसह, एकाच तक्त्यात मांडून बैठकीत ठेवत असे. तक्रारी थांबल्या नाहीत, पण त्या अंदाजावरून आकड्यांवर आल्या. बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहावे. आठवडा उलटला की प्रत्येकाच्या आठवणीतला निर्णय वेगळा असतो.

खरेदीबद्दल एवढेच सांगते की दरपत्रकांची तुलना करताना उपकरणाच्या किमतीबरोबर सुटे भाग, दुरुस्ती आणि लागणारे साहित्य यांचाही खर्च विचारावा, आणि मागणीपत्र सत्र सुरू होण्यापूर्वीच द्यावे.

पद सोडताना मी उत्तराधिकाऱ्याबरोबर सलग तीन दुपारी बसले. अपूर्ण पत्रव्यवहार, निर्लेखनासाठी (निकामी म्हणून नोंदीतून काढण्यासाठी) थांबलेली उपकरणे, ज्यांच्या नोंदी साठावहीत आहेत पण वस्तू सापडत नाहीत अशांची यादी, कोणत्या विद्यार्थ्याला कोणते आश्वासन दिले आहे, हे सर्व लिहून दोघांनी सह्या केल्या. शेवटी किल्ल्या मोजल्या. त्यांतील एक कोणत्याच कुलपाला लागली नाही. तिचीही नोंद यादीच्या तळाशी केली आणि यादीची एक प्रत प्रयोगशाळा सहायकांकडे दिली.