मालवणच्या पाण्यासाठी स्ट्रोब निवडताना

कॅमेरा, हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी पेटी) आणि डायव्हिंगचा कोर्स तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, का लागतो हेही माहीत असेलच: पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाच-सात मीटर खाली लालभडक मासाही मळकट करडा दिसतो.

अंदमानात काढलेले फोटो बघून स्ट्रोब घेऊ नका. तारकर्लीला ऐन डिसेंबर-जानेवारीतही पाच-सहा मीटर पलीकडचं दिसलं तर आम्ही खूश असतो. उधाणाच्या दिवसांत तेवढंही नाही. शक्यतो भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस, बघून जा.

आता पॉवर. ती गाइड नंबरात सांगतात; तो मीटरमधल्या अंतराने भागला की एफ-नंबर मिळतो. हा नंबर बहुतेक वेळा जमिनीवरचा, आयएसओ १०० चा असतो. पाण्यात तो साधारण एक तृतीयांश धरा. २४ चा स्ट्रोब पाण्यात ८ चा, म्हणजे एक मीटरवर एफ ८, अर्ध्या मीटरवर एफ १६. आपल्याकडे मीटरभरापलीकडचा फोटो तसाही धुरकट येतो, त्यामुळे एवढं पुरे. ३३ च्या मागे लागून खिसा रिकामा करू नका.

मी केला होता. 'पॉवर बघा साहेब' म्हणत एकाने भला दांडगा स्ट्रोब माझ्या गळ्यात मारला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडपात लायनफिश सापडला, पंख पसरून निवांत. फोटो काढला, स्क्रीन बघितली, तर माशाभोवती कोणी मूठभर रवा उधळलाय असं वाटावं इतके पांढरे ठिपके. पॉवर कमी केली, तर ठिपके मंद झाले आणि मासाही. दोन डायव्ह त्यातच गेल्या. वर आल्यावर होडीवाला म्हणाला, "पाणी ढवळलेला आसा, फोटो कसले मिळतले?"

पण दोष पाण्यापेक्षा माझा जास्त होता. स्ट्रोब आखूड आर्मवर (स्ट्रोब धरणाऱ्या दांड्यावर) लेन्सला चिकटून बसवला होता, त्यामुळे लेन्स आणि मासा यांच्यामधलं पाणीच उजळत होतं. आंबोली घाटात धुक्यात हेडलाइट अप्परला टाकल्यावर जे होतं, तेच हे.

म्हणून आधी आर्मचे पैसे बाजूला काढा, मग स्ट्रोबचे. वाइड फोटोंसाठी दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटरचे दोन-दोन तुकडे हवेतच. स्ट्रोब लेन्सच्या रेषेच्या थोडे मागे ठेवा आणि तोंडं किंचित बाहेरच्या बाजूला वळवा. प्रकाशाच्या झोताची फक्त कड माशाला लागली पाहिजे. नवशिके नेमकं उलटं करतात, दोन्ही स्ट्रोब माशावर रोखतात. मीही वर्षभर रोखत होतो.

नुसत्या कडेवर काम भागवायचं, तर झोत रुंद आणि सारखा हवा. झोताचा कोन १०० अंशांच्या आसपास असावा. पण खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीपासून मीटरभरावर फ्लॅश मारून फोटो काढा. मधे चकचकीत गोळा आणि कडेला लगेच अंधार दिसला, तर तो स्ट्रोब परत द्या. डिफ्यूझरने झोत पसरतो, प्रकाश थोडा जातो, चालेल. पैसे एकाच मोठ्याचे असतील तर दोन मध्यम घ्या. नुडीब्रँकसारखं (छोटी समुद्री गोगलगाय) बारकं काही टिपायचं असेल तर एकही पुरतो.

कॅमेरा आणि स्ट्रोबच्या जोडणीला फायबर ऑप्टिक केबल घ्या. इलेक्ट्रिक केबल म्हणजे हाउसिंगला पाणी शिरायची आणखी एक जागा. फायबर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फ्लॅशवर चालत असेल, तर त्या फ्लॅशचं तोंड पुढून झाका, नाहीतर रवा पुन्हा हजर.

सेल निकेल-मेटल हायड्राइडचेच. अल्कलाइनवर स्ट्रोब पुन्हा चार्ज होईपर्यंत मासा देवगडला पोचतो.

सेलच्या झाकणाचा ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) दर वेळी उजेडात धरून बघा. तारकर्लीची वाळू बारीक आहे, एक कण पुरतो. सेल होडीवर बदलू नका, बदलायचेच असतील तर आधी हात आणि डोक्याचे केस कोरडे करा. माझा दुसरा स्ट्रोब केसातून टपकलेल्या थेंबांनी गेला.