शेअरपॉइंट सजवताना आणि जँगो नव्याने शिकताना: आतलं नाव वेगळं, बाहेरचं वेगळं

शिष्यवृत्ती देणाऱ्या एका न्यासाचं काम माझ्याकडे आलं. कर्मचाऱ्यांसाठी शेअरपॉइंट ऑनलाइनची (संस्थेची आतली साइट बनवायची मायक्रोसॉफ्टची सेवा) साइट आणि तिच्यात अर्जांची लिस्ट, म्हणजे तक्ता, विद्यार्थ्यांसाठी बाहेरून भरायचा साधा मराठी फॉर्म. शेअरपॉइंट ऑनलाइनवर लॉगिनशिवाय कुणालाही उघडेल अशी सार्वजनिक साइट करता येत नाही, म्हणून फॉर्म जँगोत, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या चौकटीत, करायचं ठरलं. जँगोला मी शेवटचा हात लावला तो १.८ ही आवृत्ती असताना, म्हणजे २०१५ साली. ही कामं ज्या क्रमाने केली असती तर माझे दोन आठवडे वाचले असते, त्या क्रमाने खाली लिहितो आहे.

आधी घड्याळ लावा

रंग, लोगो, मेनू यांना नंतर हात लावा. नवी साइट उघडल्यावर गिअरच्या चिन्हावरून साइट इन्फॉर्मेशन, तिथून सगळ्या साइट सेटिंग्ज आणि मग रीजनल सेटिंग्ज उघडा. अ‍ॅडमिनने आधी बदललेलं नसेल तर तिथे बऱ्याचदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ असते. ती तशीच राहिली तर १ ऑगस्टला सकाळी नऊला आलेला अर्ज लिस्टमध्ये ३१ जुलैच्या रात्री साडेआठचा दिसतो. अर्जाची मुदत ३१ जुलैपर्यंत असेल तर पुढचं भांडण ठरलेलंच. यादीतून चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली असं लिहिलेली ओळ निवडा आणि पुढे चला.

कॉलमचं बारसं दोनदा करा

माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये प्रत्येक कॉलमला दोन नावं असतात. एक आपल्याला दिसतं, ते हवं तेव्हा बदलता येतं. दुसरं आतलं. ते कॉलम बनताना एकदाच ठरतं आणि मग सेटिंगमधून बदलत नाही. तुमचा कोड, फॉरमॅटिंग आणि बाहेरून येणारी माहिती, सगळं या आतल्या नावाने चालतं.

आतलं नाव रोमन अक्षरांच्या हिशेबाने बनतं. देवनागरी नाव दिलं की प्रत्येक चिन्हाच्या जागी सात खुणांचा कोड बसतो: अधोरेखा, एक्स, चार खुणांचा युनिकोड क्रमांक (प्रत्येक चिन्हाला जगभर ठरलेला एकच क्रमांक) आणि पुन्हा अधोरेखा. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं, म्हणजे प्रत्येकाला पुन्हा सात खुणा. त्यात आतलं नाव ३२ खुणांवर कापलं जातं. हिशेब करा: चार चिन्हांत २८ खुणा संपल्या आणि पाचव्याचं अर्धंच आत आलं. माझे तीन कॉलम होते: ‘अर्जदाराचे नाव’, ‘अर्जदाराचा पत्ता’, ‘अर्जदाराचा फोन’. शेअरपॉइंटला तिघांचंही अ, र, हलन्त, ज एवढंच कळलं. नावं सारखी झाल्यावर त्याने दुसऱ्याच्या शेपटीला शून्य आणि तिसऱ्याच्या शेपटीला एक लावला. कोड लिहिताना मी तो शेवटचा आकडा चुकलो. फोनच्या जागी पत्ता दिसायला लागला आणि कार्यालयातल्या ताईंनी ‘हा नंबर लागत नाही हो’ म्हणून सांगेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून कॉलम बनवताना रोमन अक्षरांत छोटं, मध्ये जागा न सोडलेलं नाव द्या आणि सेव्ह करा. मग तोच कॉलम पुन्हा उघडून दिसणारं नाव मराठीत लिहा. बाहेर ‘अर्जदाराचे नाव’ दिसेल, आत तुमचं सुटसुटीत रोमन नाव राहील. आधीच बनलेल्या कॉलमचं आतलं नाव बघायचं असेल तर लिस्ट सेटिंग्जमध्ये त्या कॉलमवर क्लिक करा आणि ब्राउझरच्या अ‍ॅड्रेसचं शेपूट वाचा. फील्ड या शब्दापुढे ते असतं. मराठीत बनलेले कॉलम असतील आणि लिस्ट अजून रिकामी असेल तर ते सरळ काढून टाका. भरलेली असेल तर नवे कॉलम करून माहिती हलवा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

मग रंगरूप

कॉलमच्या शीर्षकावर क्लिक करून कॉलम सेटिंग्जमध्ये फॉरमॅटिंग उघडा. ‘अपूर्ण’ अर्ज लाल, ‘मंजूर’ हिरवा, एवढं तयार पर्यायांतून होतं. त्यापुढे जायचं असेल तर तिथेच जेसन (माहिती आणि सूचना लिहायची एक मजकुरी पद्धत) लिहिता येतं. याने फक्त दिसणं बदलतं, साठवलेल्या माहितीला धक्का लागत नाही, त्यामुळे बिनधास्त खेळा.

लिस्टमध्ये तीन कोटी नोंदी मावतात, पण एका व्ह्यूसाठी (लिस्ट दाखवायचा एक ठरवलेला प्रकार) एका दमात ५,००० पेक्षा जास्त नोंदी चाळायची वेळ आली की शेअरपॉइंट नकार देतं. ऑनलाइन आवृत्तीत ही मर्यादा वाढवून मिळत नाही. वर्ष, जिल्हा, स्थिती अशा ज्या कॉलमवर फिल्टर लागणार आहे, त्याला लिस्ट लहान असतानाच इंडेक्स, म्हणजे लवकर शोधता यावं म्हणून केलेली सूची, लावा.

जुन्या लेखांतले मास्टर पेज आणि स्क्रिप्ट एडिटरचे सल्ले सोडून द्या. नव्या धाटणीच्या पानांवर ते चालत नाहीत. शेअरपॉइंट डिझायनरची २०१३ नंतर नवी आवृत्तीच आली नाही, तेव्हा त्याच्या वाटेलाही जाऊ नका. अगदीच अडलं तर २०१७ पासूनचं शेअरपॉइंट फ्रेमवर्क (साइटमध्ये आपला कोड बसवायची सोय) आहे, पण त्यासाठी नोड आणि टाइपस्क्रिप्टचा अख्खा संसार मांडावा लागतो. मला एवढ्याशा साइटसाठी तो परवडला नसता.

जँगो: जुनं प्रोजेक्ट उघडू नका

परतणारा माणूस पहिली चूक करतो ती जुनं प्रोजेक्ट चालू करून बघण्याची. मीही केली. एररची रांग लागली आणि त्यातली कोणती जँगोची, कोणती पायथन २ ची आणि कोणती माझ्या जुन्या पापांची, हे कळेना. त्यापेक्षा नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा) करा, त्यात दीर्घ मुदतीचा आधार असलेली आवृत्ती टाका (मी एप्रिल २०२५ मध्ये आलेली ५.२ घेतली, तिला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं) आणि एक रिकामं प्रोजेक्ट बनवा. आता जुनी आणि नवी सेटिंग्जची फाइल शेजारी शेजारी उघडा. जिथे फरक दिसेल तिथे रिलीज नोट्स वाचा. माझा अभ्यासक्रम असाच तयार झाला.

मिडलवेअरच्या (येणारी विनंती ज्यांतून जाते त्या मधल्या थरांच्या) यादीचं नाव १.१० मध्ये बदललं. यूआरएल (पानाचा पत्ता) लिहायची रेगेक्सची, म्हणजे अक्षरांचे नमुने जुळवायच्या सांकेतिक लिपीची, कटकट २.० मधल्या पाथ या फंक्शनने घालवली आणि जुनं यूआरएल फंक्शन ४.० मध्ये काढूनच टाकलं. मला सगळ्यात आवडलेला बदल फॉरेन कीचा, म्हणजे एक नोंद दुसरीशी जोडणाऱ्या फील्डचा. मूळ नोंद पुसली तर तिच्यावर टेकलेल्या नोंदींचं काय करायचं, हे २.० पासून सांगावंच लागतं. आधी न सांगितल्यास जँगो त्याही गुपचूप पुसायचं. एक कॉलेज यादीतून काढलं आणि त्या कॉलेजचे सगळे अर्ज गेले, असं आता नकळत होत नाही. अर्जासारख्या कागदपत्रांना मी तिथे सरळ ‘प्रोटेक्ट’ लिहितो, म्हणजे टेकलेल्या नोंदी असतील तर मूळ नोंद पुसलीच जात नाही.

लॉगआउटची साधी लिंक ५.० पासून चालत नाही, ४०५ एरर येते. छोटा फॉर्म करून विनंती पोस्ट या प्रकाराने (लिंकवर जाते तशी गेट प्रकाराने नव्हे) पाठवा. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

यानंतर अधिकृत ट्यूटोरियलचे आठही भाग हाताने टाइप करून करा. ‘हे तर येतं’ असं वाटेल, तरी करा. कॉपी-पेस्ट केलं की बोटं जुन्याच सवयी धरून ठेवतात.

जुनं प्रोजेक्ट खरंच पुढे न्यायचं असेल तर एका उडीत नेऊ नका. १.८, १.११, २.२, ३.२, ४.२, ५.२ अशा पायऱ्या घ्या. १.११ ही पायथन २ आणि ३ दोन्हींवर चालणारी शेवटची, म्हणून पायथन तिथेच बदला. प्रत्येक पायरीवर इशारे चालू ठेवून टेस्ट चालवा आणि इशारे संपल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

मराठी मजकुराची खोच

फील्डचं नाव रोमन आणि व्हर्बोज नेम (लोकांना दिसणारं नाव) मराठीत, ही शेअरपॉइंटमधली दोन नावांची रीत इथे आपसूक पाळली जाते. फसगत होते ती स्लगमध्ये, म्हणजे शीर्षकावरून बनणाऱ्या पत्त्याच्या तुकड्यात. जँगोच्या स्लगिफायला (स्लग बनवणाऱ्या फंक्शनला) ‘किल्ला’ दिलं की रिकामी ओळ परत येते. युनिकोडला परवानगी दिली तर ‘कलल’ मिळतं. ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. पायथनचं रेगेक्स काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार यांना शब्दाचा भाग मानत नाही आणि स्लगिफाय त्याच्यावर विसंबून आहे. गंमत म्हणजे पायथन ३ मध्ये ‘नाव’ हे व्हेरिएबल कान्यासकट चालतं! शिवाय पाथमधला स्लग हा प्रकार फक्त रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अधोरेखा ओळखतो.

मी स्लग शीर्षकावरून बनवणं बंद केलं. अ‍ॅडमिनमध्ये (माहिती भरायच्या जँगोच्या तयार पानांत) स्लगची चौकट रिकामी आणि अनिवार्य ठेवली आहे आणि तिच्याखाली मदतीची ओळ आहे: ‘इथे इंग्रजी अक्षरांत लिहा, मधे जागा सोडू नका.’ कार्यालयातल्या ताई आता शिष्यवृत्तीचं नाव वर मराठीत आणि खाली रोमनमध्ये टाकतात.