परवान्याच्या बंदुकीवरून आपल्या माणसावर केस झाली, तर गावाने पाठीशी कसं उभं राहायचं

निफाड, दिंडोरी, सिन्नर साइडला ज्यांच्या मळ्यावर परवान्याची बारा बोर आहे त्यांना हे पटेल, बंदूक वर्षानुवर्षं कपाटातच असते आणि माझ्या बघण्यात तरी केस झाली ती कागदावरून, गोळी झाडली म्हणून नाही. रिन्यूअल राहून गेलं, आचारसंहितेत बंदूक जमा करायची नोटीस आली ती घरात कुणी वाचलीच नाही, वडील वारले आणि त्यांची बंदूक पोराच्या घरात तशीच राहिली, किंवा ओझरच्या विमानतळावर बॅगेच्या चोरकप्प्यात एक जुनं काडतूस निघालं. अजून एक म्हणजे तिसरी बंदूक. आधी एका परवान्यावर तीन ठेवता यायच्या, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच, जास्तीची वर्षभरात जमा करायची होती, आणि आजोबांची आठवण म्हणून ठेवलेली ठासणीची बंदूक पण मोजणीत येते हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच आलं नाही.

हे सगळं अशा लोकांच्या पाठीशी उभं राहण्याबद्दल आहे. गावठी कट्टा कमरेला लावून रील काढणाऱ्यांसाठी नाही, हळदीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर अजिबात नाही, त्यांच्यासाठी कायद्यात आता वेगळं पोटकलमच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, भोगू द्या.

तर समजा नानांवर केस झाली. संध्याकाळपर्यंत ग्रुप निघतो, "आम्ही नानांसोबत" असा डीपी येतो, कुणीतरी म्हणतं उद्या गाड्या काढा पोलीस स्टेशनला जाऊ. थांबा भो. आधी एफआयआर हातात घ्या आणि कलम कोणतं लागलंय ते बघा. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायची, संवेदनशील प्रकरणं सोडून, त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ती बहुतेक मिळून जाते, स्टेशनला गर्दी करायची गरज नाही. आता आर्म ॲक्टचं कलम ३० असेल, म्हणजे परवाना आहे पण त्यातली अट मोडली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जामीनपात्र आहे, उगाच घर डोक्यावर घेऊ नका. पण "३, २५" लिहिलेलं असेल तर परवान्याशिवाय शस्त्र बाळगल्याचा आरोप आहे, त्यात आता कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि अजामीनपात्र. या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि गावात मात्र दोन्हीला "आर्म ॲक्ट लागला" एवढंच म्हणतात. आणि प्रकरणात बिबट्या असेल तर विसरा हे सगळं, तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला प्राणी, फॉरेस्टवाले त्यांची वेगळी केस करतात, जीव वाचवायला मारला असेल तर कायद्यात बचाव आहे पण तो वकिलानेच मांडायचा, चावडीवर नाही.

वकील पहिल्याच दिवशी. फौजदारी करणारा बघा, जमिनीच्या दाव्यांचा ओळखीचा आहे म्हणून त्यालाच धरू नका. अजून अटक झालेली नसेल तर हे लक्षात ठेवा की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आपोआप उचलायचं नसतं, अर्नेश कुमार विरुद्ध बिहार या २०१४ च्या निकालापासून हे पक्कं आहे, आधी हजर राहायची नोटीस देता येते, आणि ती नोटीस आली की नानांनी ठरल्या वेळी जायचं म्हणजे जायचं. भावकीतला एखादा सांगतो की चार दिवस सापुताऱ्याकडे जाऊन राहा, त्याचं ऐकलं की हातातला सगळ्यात मोठा मुद्दा गेला, कारण जामिनाच्या वेळी कोर्ट पहिलं हेच बघतं की माणूस पळणारा आहे का. अटक झालीच तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे आणावं लागतं, तेव्हा तिथं वकील आणि घरातला एक समजूतदार माणूस पाहिजे, पन्नास जण नकोत. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नाशिकला सीबीएस बस स्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात चौकशी करा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला, बाईला, एससी-एसटीमधल्या कुणालाही फुकट वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत.

आता खरी मदत सुरू होते ती जामीनदारापासून. ग्रुपवर दोनशे जण "सोबत आहोत" लिहितात आणि जामिनाचा हुकूम झाल्यावर सातबारा घेऊन कोर्टात यायला दोघं मिळत नाहीत, मग माणूस जामीन मिळून सुद्धा आत बसतो, शुक्रवार असला तर सोमवारपर्यंत. म्हणून जामिनाचा अर्ज टाकायच्या आधीच तीन-चार जण तयार ठेवा, दोन लागणार असतील तरी, कारण एकाच्या कागदात काहीतरी निघतंच. आधार, रेशन कार्ड, ताजा सातबारा आणि आठ-अ, नोकरदार असेल तर पगाराची स्लिप, फोटो, आणि कोर्टाने मागितला तर तहसीलमधून ऐपतीचा दाखला, त्याला वेळ लागतो म्हणून वकिलाला आधीच विचारून अर्ज टाकून ठेवा. सातबाऱ्यावर सोसायटीचा मोठा बोजा असेल तर तो माणूस चालेल का हे पण आधीच विचारा. जामीनदाराला घरी बसवून नीट सांगा की नाना तारखेला आले नाहीत तर बाँडची रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते, हे न सांगता सही घेणं म्हणजे फसवणूक आहे, मग तो सख्खा मेहुणा का असेना. कागद पूर्ण व्हायला वेळ लागत असेल तर वकिलाला तात्पुरता कॅश जामीन मागायला सांगा, आम्ही विचारलंच नव्हतं असं नको व्हायला.

दुसरी मदत कागद शोधायची, आणि ही बायकांनी केली तर लवकर होते असा माझा अनुभव आहे कारण ट्रंकेत काय कुठे आहे ते त्यांनाच माहिती. मूळ परवाना, त्यावरचे जुने शिक्के, रिन्यूअलच्या अर्जाची पोच, फी भरल्याचं चलन, मागच्या निवडणुकांना बंदूक जमा केल्याच्या पावत्या, काडतूस खरेदीची बिलं. वडिलांची बंदूक असेल तर मृत्यूचा दाखला, त्यांचा परवाना आणि वारसाने कधी अर्ज दिला असेल तर त्याची प्रत. काडतूस किंवा बंदूक आपल्याजवळ आहे याची जाणीवच नव्हती असा मुद्दा असेल तर तो मोठा मुद्दा आहे, नुसतं सापडणं पुरेसं नाही, माहिती असून ताब्यात ठेवलेलं पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने १९७२ पासून सांगितलंय, बॅगेतल्या एका काडतुसाच्या प्रकरणांत त्याचा आधार घेतात. पण हे नानांनी वकिलाला सांगायचं, गावात बारा जणांना बारा तऱ्हेने नाही. आणि मागची तारीख टाकून अर्ज बनवून देतो म्हणणारा कुणीतरी हमखास भेटतो, त्याला दारातच उभं करू नका, एका कागदाच्या केसची बनावट दस्ताची केस होते.

कलम ३ ची केस असेल तर एक गोष्ट पुष्कळांना माहिती नसते, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय खटला चालवता येत नाही, आर्म ॲक्टच्या कलम ३९ मध्ये आहे. ग्रामीणला ते म्हणजे कलेक्टर, आणि नाशिक शहर आयुक्तालयाच्या हद्दीत या कायद्यापुरते पोलीस आयुक्तच. मंजुरी आहे का, कधीची आहे, कोणते कागद बघून दिली, हे वकिलाने तपासायचं असतं. पाठीराख्यांनी इथं काय करायचं तर एकच निवेदन, वकिलाने लिहिलेलं, मागे परवान्याच्या आणि पावत्यांच्या प्रती लावलेलं, आणि त्याची पोच घ्यायची. पन्नास ग्रामपंचायतींचे ठराव आणि आमदारांचं शिफारसपत्र यांनी फाइल जाड होते एवढंच. "केस मागे घ्या" म्हणून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा पण असाच, दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर ते कलेक्टरच्या हातात नसतं, सरकारी वकिलाने अर्ज करायचा आणि कोर्टाने परवानगी द्यायची असा तो मार्ग आहे.

पोरं इथं अमेरिकेतले व्हिडिओ पाठवतात, बघा तिकडं कसे एका बंदूकवाल्यासाठी लोक रस्त्यावर उतरतात, लाखो डॉलर जमवतात. तिकडं फेडरल सरकारने खटला भरला की लोक १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर बोट ठेवतात, शस्त्र बाळगणं तिथं घटनेतला हक्क आहे, भांडणच हक्काचं असतं. आपल्याकडे तसा हक्क नाही, परवाना आहे, तोही सरकारने कारण बघून दिलेला, आता पाच वर्षांसाठी. त्यामुळे "बंदूक आमचा हक्क" असले बॅनर इथं लावले तर उलटेच पडतात, परवाना देणारा अधिकारीच उद्या म्हणतो की अशा वातावरणात शस्त्र नको. आपली बाजू साधी ठेवा: माणूस कायद्याने वागणारा आहे, एवढ्या वर्षांत तक्रार नाही, कागदात चूक झाली, कोर्टाला सहकार्य करतोय. फौजदारी खटल्यात आरोपीची आधीची चांगली वागणूक विचारात घेता येते, म्हणून सोसायटीचा सचिव, शाळेचे गुरुजी, शेजारचा मळेवाला, अशी खरोखर ओळखणारी माणसं लिहून ठेवा, वकील ठरवेल कुणाला बोलवायचं.

मोबाइलचं काय करायचं, तर शक्य तेवढं कमी. बंदुकीसोबतचा नानांचा जुना फोटो "वाघ आहे वाघ" म्हणून स्टेटसला ठेवू नका, तो दोषारोपपत्राला जोडला जातो. त्याच्या उलट घाबरून जुने फोटो, चॅट डिलीट करा असंही कुणाला सांगू नका, पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात सांगणारा पण अडकतो. तक्रारदाराचं नाव घेऊन लिहायचं नाही, पंचनाम्यावर सही केलेल्या पंचांना "समजावायला" जायचं नाही, पंच गावातलाच असतो आणि रोज पारावर भेटतो तरी त्या विषयावर शब्द काढायचा नाही, एवढ्यावरून जामीन रद्द होतो. पत्रकाराशी एकानेच बोलायचं आणि तेही वकिलाने पाहिलेल्या तीन-चार ओळी, न्यायाधीशांबद्दल तर काहीच नाही.

पैसे जमवायचे असतील तर कुणाच्या तरी फोनचा क्यूआर ग्रुपवर टाकू नका, महिन्याभरात त्याच्यावरून वेगळं भांडण लागतं. दोघांच्या सहीचं बँक खातं, घरच्यांपैकी एक आणि बाहेरचा एक, वही, पावती, दर महिन्याला हिशेब ग्रुपवर. कशासाठी जमवतोय ते आधी लिहा, वकील फी, झेरॉक्स, प्रवास, आणि उरले तर कुणाला जाणार ते पण. केस रद्द करायला हायकोर्टात जायचं ठरलं तर नाशिकची मंडळी मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातात, म्हणजे पहाटे मळ्यातून निघून नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस धरायची आणि रात्री परत, असे किती खेटे होतील ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून सगळा फंड जामिनाच्या आधीच उडवू नका.

आणि मळा. याच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. माणूस आत गेला किंवा तारखांमध्ये अडकला तरी द्राक्षबाग थांबत नाही. गोडी छाटणीनंतर फेलफुटी म्हणजे बिनघडाच्या फुटी काढायच्या, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवायचे, थिनिंग म्हणजे मणी विरळ करायचे, डाऊनी रोग दिसला की त्याच दिवशी फवारणी, आठ दिवस दुर्लक्ष झालं की वर्ष गेलं, आणि बाग गेली की घर कर्जात जातं, मग माणूस दबावाखाली कुठेही सही करून मोकळा होतो. तर भावकीत वार वाटून घ्या, कुणी फवारणीचा ब्लोअर आणायचा, कुणी मजुरांची टोळी बघायची, कुणी कांदा पिंपळगाव किंवा लासलगावला नेऊन विक्रीची पट्टी वहिनींच्या हातात द्यायची. व्यापारी "नाना आत आहेत ना" म्हणून भाव पाडून मागतो, तिथं चार माणसं बागेत उभी राहिली की तो सुद्धा नीट बोलतो. पोरांच्या शाळेत सोडण्या-आणण्यापासून म्हातारीच्या बीपीच्या गोळ्यांपर्यंत एक वही करा. माझ्या मते मोर्चाला आलेल्या शंभर माणसांपेक्षा ही आठ माणसं भारी.

तारखा लांबतात. बंदूक फॉरेन्सिकला जाते, रिपोर्ट येईपर्यंत काही हलत नाही, पुढे साक्षीदार येत नाहीत. ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, केसचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, ग्रुपवर एकानेच ती टाकायची. तारखेला दोघांनी सोबत जायचं, आळीपाळीने, मागे गप्प बसायचं, फोन बंद. दोन वर्षांनी ग्रुपमधले बहुतेक म्यूट करून बसलेले असतात, म्हणून ही पाळी सुरुवातीलाच वहीत लिहून घ्या.

केस चालू असतानाच परवाना निलंबित किंवा रद्द झाल्याचा आदेश येतो, ती लढाई कोर्टातल्या केसपेक्षा वेगळी आहे. कलेक्टरच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे, नाशिकरोडला, त्याची मुदत थोडी असते, पाकीट आलं की तारीख टाकून त्याच दिवशी वकिलाकडे पोचवा. आणि शेवटी सुटका झाली तरी बंदूक आपोआप घरी येत नाही, मुद्देमाल परत मिळायला कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो आणि तेव्हा परवाना चालू पाहिजे, नसेल तर ती पोलिसांकडे किंवा परवानाधारक डीलरकडेच जमा राहते.