लॅटिन-ग्रीक वळणाची इंग्रजी अनेकवचने : या चुका टाळा

इंग्रजीत बहुतेक नामांना शेवटी ‘एस’ लावला की अनेकवचन होते. पण लॅटिन आणि ग्रीकमधून आलेल्या काही नामांनी मूळ भाषेतील रूपे सोबत आणली आहेत आणि नेमकी तिथेच लिहिणाऱ्याची गफलत होते.

सर्रास आढळणारी चूक म्हणजे अनेकवचनालाच एकवचन समजणे. ‘धिस क्रायटेरिया इज’ किंवा ‘अ फिनॉमिना’ अशी रचना शोधनिबंधांतही दिसते. हे दोन्ही शब्द मूळचे ग्रीक असून त्यांची एकवचने क्रायटेरियन आणि फिनॉमिनन अशी आहेत. ‘क्रायटेरियाज’ हे रूप तर आधीच्या अनेकवचनावर दुसरे चढवते. अजेंडा हाही लॅटिनमध्ये अनेकवचनीच होता, परंतु इंग्रजीत तो एकवचनी म्हणून केव्हाच रुळला आहे. तिथे मुळाचा हट्ट धरू नये. डेटा दोन्ही प्रकारे चालतो.

खरी कसोटी लागते ती शेवटी ‘अस’ असलेल्या शब्दांत. फंगसचे फंगाय आणि अलम्नसचे अलम्नाय होते, म्हणून ऑक्टोपसचे ‘ऑक्टोपाय’ करण्याचा मोह होतो. पण तो शब्द ग्रीक, त्याच्या शेवटी ‘पाय’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे आणि त्याला लॅटिन प्रत्यय लावण्यास आधार नाही, म्हणून ऑक्टोपसेस हेच लिहावे. कॉर्पस आणि जीनस लॅटिनच, मात्र त्यांचा वर्ग निराळा असल्याने रूपे कॉर्पोरा आणि जेनेरा अशी होतात. स्टेटसचे लॅटिन अनेकवचन ‘स्टेटाय’ नव्हतेच. इंग्रजीत स्टेटसेस लिहावे. इग्नोरेमस तर मुळात नामही नाही, ‘आम्हांला माहीत नाही’ अशा अर्थाचे ते लॅटिन क्रियापद आहे. तेव्हा ‘इग्नोरेमाय’ संभवतच नाही.

क्रायसिस, थिसिस, ॲनालिसिस यांच्या अनेकवचनात लिहिताना शेवटच्या ‘आय’च्या जागी ‘ई’ येतो आणि उच्चार ‘सीझ’ असा लांबतो. लेखनातील फरक एकाच अक्षराचा असल्याने मुद्रितशोधनात तो हमखास निसटतो, म्हणून सोबतचे क्रियापद तपासावे.

इंडेक्सला दोन्ही रूपे आहेत : गणितात इंडिसीझ, पुस्तकाच्या सूचींसाठी बहुधा इंडेक्सेस. कीटकाच्या स्पर्शिका अँटेनी, रेडिओच्या मात्र अँटेनाज. व्हर्टिसीझ या अनेकवचनातून शेवटचा ‘एस’ काढून ‘व्हर्टिसी’ असे एकवचन घडवणे ही भूमिती शिकताना होणारी नेहमीची चूक; एकच शिरोबिंदू असेल, तर व्हर्टेक्स.