कथकची लिपी ऑनलाइन शिकवताय? मुलींना रिकामे चौकोन द्या

बडोद्यात घरी कथक शिकवणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या काही मुली आता स्क्रीनवरच असतात, कुणी पुण्याला गेलेली, कुणी कॅनडात, आणि लिपीचा, म्हणजे बोल-ताल लिहून ठेवण्याचा, विषय निघाला की आपण वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि "उतरवून घ्या गं" म्हणतो. उतरवून लिपी येत नाही. मुलीनं स्वतः लिहायला हवं आणि तिनं लिहिलेलं दुसरीला वाचून नाचता यायला हवं, एवढी एकच कसोटी धरा.

गूगल शीट उघडा, पहिला कॉलम ओळींच्या नावांचा, पुढचे १६ त्रितालाच्या मात्रांचे, म्हणजे ठोक्यांचे, दर चार मात्रांनंतर जाड रेघ. ओळी पाच: मात्रा, चिन्ह, बोल, पाय, हात. चिन्हं भातखंडे पद्धतीची, समेला (पहिल्या मात्रेला) ×, पाचवीला २, नववीला खालीचं (जिथे टाळी नाही त्याचं) ०, तेरावीला ३. एका मात्रेत जास्त बोल आले की वहीत आपण खाली कंस काढतो, शीटमध्ये ते जमत नाही, म्हणून एक चौकोन म्हणजे एक मात्रा, बोल कितीही असोत. थांबायचं असेल तिथे ऽ लिहायला लावा, नुसतं रिकामं सोडलं तर दम (मुद्दामचा थांबा) आहे की विसरली ते कळत नाही. प्रत्येकीला तिचा वेगळा टॅब आणि एडिटची परवानगी द्या. गुजराती मीडियमच्या मुलींनी बोल गुजराती लिपीत लिहिले तरी चालू द्या, सुरुवातीला अडवू नका.

पहिल्या दिवशी तत्कारच, म्हणजे नुसतं पायांचं काम. पायाच्या ओळीत उ आणि डा. 'ता थेई थेई तत' उ डा उ डा, 'आ थेई थेई तत' डा उ डा उ, म्हणजे चौथी मात्रा डावी आणि पाचवीही डावीच, आणि इथे मुली हटकून उ लिहितात. सांगू नका, उभं राहून करायला सांगा, पाय अडखळला की आपणहून येऊन खोडतात.

खरी मजा तिहाईत आहे, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येण्यात. 'तिगदा दिगदिग थेई' या तीन मात्रा, तीनदा म्हटल्या की नऊ, शेवटचा थेई समेवर. आता विचारा, सुरू कुठून करायचं? पुढून मोजत बसू देऊ नका, समेच्या चौकोनात थेई टाकून सोळावीपासून मागे मागे भरत जायला लावा, बरोब्बर नवव्या मात्रेवर, खालीवर येतात. मग दोन्ही मधल्या जागांत एकेक ऽ घाला, अकरा मात्रा झाल्या, सुरुवात सातवीवर सरकली. मग १० चौकोनांचा झपताल द्या, बिनदमाची तीच तिहाई तिसऱ्या मात्रेपासून निघते. हे तीन कागद स्वतः भरलेली मुलगी परीक्षेत तिहाई लिहायला घाबरत नाही.

झूमवर सगळ्यांनी एकत्र टाळी द्यायचा हट्ट सोडा, आवाज मागेपुढे पोचतो आणि ताल विस्कटतो. एकीनं पढंत करायची, म्हणजे बोल तोंडानं म्हणायचे, बाकीच्या म्यूट, आणि डोळे चौकोनावर. 'ओरिजिनल साऊंड' चालू ठेवा, नाहीतर घुंगरू गोंगाट समजून कापले जातात. आणि उजवं-डावं नेहमी नाचणारीच्या अंगाचं, स्क्रीनच्या बाजूचं नाही.

मोठ्या मुलींना इथेच लाबानच्या नृत्यलिपीची ओळख करून द्या, १९२८ ची पद्धत, खालून वर वाचायची, मधल्या रेषेच्या उजवीकडचं ते नाचणारीचं उजवं अंग, चिन्हाचा आकार दिशा सांगतो आणि लांबी वेळ. आपली लिपी बोल आणि ताल फार छान धरते, हात कुठून कुठे गेला ते तितकं धरत नाही, म्हणूनच हाताची ओळ वेगळी ठेवलीय.

शेवटच्या पंधरा मिनिटांत टॅब बदला, हिनं लिहिलेलं तिनं नाचायचं, लिहिणारीनं तोंड उघडायचं नाही. कुठे अडलं तो चौकोन पिवळा करा आणि दोघींनी मिळून सुधारा.

नवरात्रात क्लासला कुणी येणार नाहीच, त्या नऊ दिवसांत गृहपाठ द्या: गरब्यात ज्या तीन टाळीवर रोज फिरता ती लिहून आणा, चौकोन किती लागतील ते तुम्हीच ठरवा.