पेठांतली कामं पायी करताय? या चुका टाळा

पर्वतीच्या पायऱ्या रोज पहाटे चढणारी माणसंही अर्ध्या किलोमीटरवरच्या बँकेत जायला स्कूटर काढतात. चालणं हा व्यायाम आणि कामाला जायचं ते गाडीवर, अशी वाटणीच आपण करून टाकली आहे. पुण्याच्या पेठांमध्ये ती मोडणं सगळ्यात सोपं, कारण हा भाग वसला तोच पायी हिंडणाऱ्या माणसांसाठी. तरी हौसेनं सुरुवात केलेले बरेच जण पंधरा दिवसांत परत गाडीवर बसतात. बहुतेकांचे पाय धडधाकट असतात, चुकतं ते दुसरंच काहीतरी.

गाडीच्या रस्त्यानं चालणं

ही सगळ्यात मोठी चूक. वर्षानुवर्षं दुचाकी चालवून डोक्यात जो नकाशा बसलेला असतो, तोच धरून माणूस पायी निघतो. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता एकमेकांच्या उलट दिशेचे एकेरी, लक्ष्मी रस्ताही एकेरी, म्हणून गाडीला वळसे पडतात. पायी जाणाऱ्याला एकेरीचं बंधन नाही. तरीही तो सवयीनं तेच वळसे घेतो, धूर आणि हॉर्न खात चालतो आणि घरी येऊन म्हणतो, पुण्यात चालायची सोय नाही.

बोळ आणि आळ्या शोधा. लक्ष्मी रस्त्यावरून मंडईला जायचं तर तुळशीबागेतून आतल्या आत निघता येतं. मात्र हे सकाळी, दुकानं पूर्ण लागायच्या आधी. संध्याकाळी तिथे पाऊल टाकायला जागा नसते. कसब्यात काम असेल तर तांबट आळीतून जा. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चाललेलं असतं, एकेक ठोका पडतो आणि पत्र्यावर चकचकीत ठिपक्यांची ओळ सरकत जाते. दोन मिनिटं थांबून बघितलं तरी मागून कुणी हॉर्न देत नाही. चालण्यातलं हे सुख मला फार मोठं वाटतं: वाटेल तिथे थांबता येतं आणि थांबायला पार्किंग लागत नाही.

वेळ चुकीची धरणं

सपाट रस्त्यावर किलोमीटरला साधारण 12 मिनिटं लागतात. शनिवारवाडा ते मंडई एवढंच अंतर आहे. पण बांधलेल्या वेळेचं काम असेल, डॉक्टरची अपॉइंटमेंट वगैरे, तर सिग्नल आणि गर्दीसाठी दहा मिनिटं वाढवून धरा. दिवाळीच्या आधी आणि गणपतीत तर कुठलाच हिशेब लागत नाही, हाताशी भरपूर वेळ ठेवा. गाडीशी तुलना करताना तिकडचा हिशेबही पुरा मांडा: गाडी लावायला जागा शोधणं आणि तिथून दुकानापर्यंत चालणं, हा वेळ गाडीच्याच खात्यात जातो.

लांब राहणाऱ्यांनी एका कामाहून दुसऱ्या कामाला गाडी हलवत बसू नये. सप्टेंबर 2024 पासून मेट्रो जमिनीखालून कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटपर्यंत जाते. मंडईला उतरा आणि सगळी कामं पायीच उरका.

आधी भाजी, मग बाकीचं

जड वस्तू शेवटी घ्यायची. कांदे-बटाटे पहिल्यांदा घेऊन मग बँकेच्या रांगेत उभं राहिलात, तर खांदा दुखणारच. एका हातात भरलेली पिशवी घेऊन चालण्यापेक्षा पाठीवरची सॅक बरी, किंवा दोन पिशव्यांत सारखं वजन. नारळ, कलिंगड, दहा किलोचं पीठ असलं काही असेल त्या दिवशी खुशाल रिक्षा करा. त्यानं तुमचं चालणं काही बाद होत नाही.

रस्ता ओलांडताना थबकणं

दुचाकीवाला तुमच्या चालीचा अंदाज घेऊन पुढून जायचं की मागून, ते ठरवतो. तुम्ही मध्येच थबकलात, पळालात किंवा मागे फिरलात की त्याचा अंदाज चुकतो आणि धडक होते. नीट मोकळीक मिळेपर्यंत कडेलाच थांबा, मग एका चालीनं जा. एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे बघा, उलट येणारे कमी नाहीत. थांब्यावर उभ्या बसच्या पुढून कधीही ओलांडू नका; तिच्या आडून येणारी गाडी तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही तिला. दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्याला फूटपाथच नसेल तर उजव्या कडेनं चाला, म्हणजे वाहनं समोरून येताना दिसतात.

ऊन आणि पाऊस

उत्तर-दक्षिण रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या फूटपाथवर सावली असते, दुपारनंतर पश्चिमेकडच्या. बाजीराव रस्त्यावर हे सहज कळतं. मेच्या मध्यावर मात्र भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा कुठल्याच बाजूला सावली नाही; कामं सकाळी दहाच्या आत आटपा.

पावसात गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. मागे पट्टा असलेली सँडल घाला. सैल झालेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर पाय पडला की खालचं गढूळ पाणी पिचकारीसारखं पोटरीपर्यंत उडतं. तो डगमगतोय असं दिसलं तर मधोमध पाय ठेवा. चेंबरची लोखंडी झाकणं टाळाच. डेक्कनकडून नदी ओलांडायची असेल आणि खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असेल, तर भिडे पूल पाण्याखाली जातो. निघण्यापूर्वी चौकशी करा, नाहीतर झेड ब्रिज आहेच.

फूटपाथ वाईट म्हणून गप्प बसणं

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फूटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी वाट हवी. पुणे महापालिकेनं 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आहे, आणि 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला जातो. त्या दिवशी नक्की जा आणि रस्त्याच्या मधोमध मुलांचा हात सोडून चालून बघा. आपण नेमकं काय मागायचं, ते तिथे कळतं. एरवी फुटलेलं झाकण, फूटपाथवर लावलेल्या गाड्या, मधोमध आलेला विजेचा डीपी बॉक्स दिसला की फोटो काढा आणि महापालिकेच्या पीएमसी केअर अ‍ॅपवर तक्रार टाका. "फूटपाथ खराब" एवढंच लिहू नका. कुठल्या चौकापासून कुठल्या दुकानापर्यंत, कुठल्या बाजूला आणि नेमकं काय, हे लिहिलंत तर महापालिकेच्या माणसाला जागा शोधत फिरावं लागत नाही.